"फक्त एक सही दे": जर्मनीतल्या हेल्थ इन्शुरन्समध्ये मला कसं अडकवलं

महिन्याला २१९.७६ युरो. बायको आणि मुलगी मे २०२५ मध्ये इथे आल्या, तेव्हापासून डिसेंबरपर्यंत १,७५८.०८ युरो माझ्या पगारातून नाहक गेले. ज्याच्यामुळे गेले तो ब्रोकर आजही नव्याने येणाऱ्या मराठी मुलांना व्हॉट्सॲपवर "इन्शुरन्ससाठी मला फोन करा" सांगतोय, म्हणून हे लिहितोय. त्याचं नाव लिहू नका असं वकिलाने बजावलंय.

इथे राहणाऱ्यांना पुढचं सगळं पटकन कळेल. २०२४ मध्ये माझा पगार वर्षाला ७१,००० युरो होता आणि प्रायव्हेट इन्शुरन्सची पगारमर्यादा ६९,३०० (पगार हिच्याखाली असेल तर पब्लिकच सक्तीचा). म्हणजे पब्लिक की प्रायव्हेट, निवड माझी. त्या ब्रोकरने, म्हणजे दादाने (सगळे त्याला दादाच म्हणतात), कागदावर महिन्याचे दोन आकडे लिहिले. पब्लिकमध्ये माझ्या खिशातून साधारण ४२२. प्रायव्हेटचा हप्ता ५६२.४०, निम्मा कंपनी भरणार, म्हणजे मला २८१.२०. मी तेव्हाच विचारलं होतं आणि तो मेसेज माझ्याकडे आहे: "दादा, पुढच्या वर्षी बायको-मुलगी येतील, त्यांचं काय?" उत्तर आलं: "अरे, त्यांना जोडून घेऊ, तू कशाला टेन्शन घेतोस. नाहीच जमलं तर पब्लिकमध्ये परत जाता येतं."

कमाई नसलेली बायको आणि मूल जोडली जातात ती पब्लिकमध्ये, एक सेंटही जास्त न भरता. प्रायव्हेटमध्ये माणशी वेगळा हप्ता आणि माणशी वेगळी तब्येतीची चौकशी. हे त्याला माहीत नव्हतं असं मला कोणी सांगू नये, त्याचा रोजचा धंदा आहे तो. कुटुंब मागून येणार असेल तर एकट्या माणसाचा हप्ता बघून निर्णय घेऊच नका. तिघांचा किंवा चौघांचा हप्ता लेखी मागा.

एवढ्यावरही निभावलं असतं. घात झाला जानेवारी २०२५ मध्ये. मर्यादा वाढून ७३,८०० झाली आणि माझा पगार तिच्याखाली आला. एचआरचा दोन ओळींचा मेल आला: आता तुम्हाला पब्लिक इन्शुरन्स सक्तीचा आहे, क्रांकनकासे (पब्लिक इन्शुरन्स देणारी संस्था) निवडून कळवा. कायद्यानेच माझ्यासाठी दार उघडलं होतं. जुनी पॉलिसी तीन महिन्यांच्या आत मागच्या तारखेपासून रद्द करता आली असती. मी तो मेल जसाच्या तसा दादाला पाठवला. त्याचं उत्तर: "त्यात तू पडू नकोस. फॉर्म पाठवतो, फक्त एक सही दे, बाकी मी बघतो."

एका पानाची पीडीएफ. माझं नाव, जन्मतारीख, कंपनी, सगळं आधीच टाइप केलेलं. खाली सहीच्या रेघेपाशी लाल बाण. आणि वर डाव्या कोपऱ्यात पत्ता एका पब्लिक क्रांकनकासेचा, जिचा मी कधीच सभासद नव्हतो. तो पत्ता मी पाहिला होता. प्रायव्हेट पॉलिसी चालू ठेवायची तर पत्र पब्लिकवाल्यांना कशाला जातंय, हा प्रश्न त्याच क्षणी पडायला हवा होता. तो पडला नाही याची चीड अजून रात्री झोपू देत नाही. तो बेफ्रायुंगचा अर्ज होता, म्हणजे सक्तीच्या पब्लिक इन्शुरन्समधून मला वगळा अशी माझ्याच सहीची विनंती. एकदा मंजूर झाली की ती मागे घेता येत नाही. मर्यादा पगाराच्या कितीही वर गेली तरी ते दार आता बंद.

लोक विचारतात, वाचलं नाहीस का? वाचलं. पण नोकरीपुरतं जर्मन येणाऱ्याला ही सरकारी भाषा कळत नाही, खुद्द जर्मन माणसंही यासाठी ब्रोकर गाठतात. कायद्याने ब्रोकर गिऱ्हाइकाच्या बाजूचा असतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर मग तो असतो कशासाठी?

तो कोणासाठी काम करत होता ते मला नंतर कळलं. प्रायव्हेट पॉलिसीवर ब्रोकरला नऊ महिन्यांच्या हप्त्यांइतकं कमिशन मिळू शकतं. माझ्या हप्त्यावर ते ५,०६१.६० होतं. पाच वर्षांच्या आत पॉलिसी रद्द केली तर त्याला बहुतेक वेळा त्यातला वाटा परत करावा लागतो. मी पब्लिकमध्ये गेलो असतो तर त्याचं एक गिऱ्हाइक गेलं असतं.

बायकोचा मूळ हप्ता ३५९.७५. तिला थायरॉइड आहे म्हणून २० टक्के जादा, म्हणजे ४३१.७०. मुलीचा १६८.३०. तिघांचे मिळून १,१६२.४०. कंपनी २०२५ मध्ये जास्तीत जास्त ४७१.३२ देणार, उरलेले ६९१.०८ माझे. पब्लिकमध्ये सरासरी दराने तिघांचे मिळून मला ४७१.३२ पडले असते. (शुश्रूषेचा विमा वेगळा, तो यात धरलेला नाही.)

मग सुरू झाली वणवण. क्रांकनकासे म्हणाली सही तुमची, अर्ज मुदतीत, विषय संपला. इन्शुरन्स कंपनी म्हणाली ब्रोकर आमचा नाही, तुमचा. एका सरकारी कार्यालयाने आठवड्यांनी छापील उत्तर पाठवलं की आम्ही कंपन्यांवर देखरेख ठेवतो, ब्रोकरवर नाही. ब्रोकरचा परवाना जिथून मिळतो तिथे लिहिलं, तर भरपाईचे वाद आमच्याकडे येत नाहीत. पोलिसांच्या मते ही दिवाणी बाब. तक्रार निवारणवाल्यांनी माझ्याच फाइलमधला एक कागद पुढे केला: "मला सल्ल्याची लेखी नोंद नको," खाली माझी सही. पहिल्या दिवशीच्या गठ्ठ्यात घुसवलेला. प्रत्येकाकडे दुसऱ्या कोणाचा तरी पत्ता तयार, आणि एकानेही विचारलं नाही की या माणसाने आणखी किती जणांना असे फॉर्म पाठवलेत! सल्ल्याची नोंद ब्रोकरने लेखी द्यायची असते, ती सोडून देणाऱ्या कागदावर अजिबात सही करू नका. पॉलिसी हातात आल्यापासून १४ दिवसांत रद्द करता येते, ते दिवस दुसऱ्या माणसाला कागद दाखवण्यात घालवा. फर्जिशेरुंग्सबेराटर, म्हणजे स्वतंत्र विमा सल्लागार, फी घेतो, कमिशन नाही, त्याला गाठा. ग्राहक केंद्रातही पैसे भरून सल्ला मिळतो. आणि तोंडी बोललेलं सगळं लगेच मेसेजवर लिहून घ्या, माझ्याकडे आज तेवढाच पुरावा आहे.

वकिलाच्या पहिल्या भेटीचे २२६.१० युरो गेले. त्यांच्या मते ब्रोकरला व्यावसायिक जबाबदारीचा विमा काढावाच लागतो, दावा त्यावर लावायचा. नोटीस गेली आहे.

१ जानेवारी २०२६ पासून मर्यादा ७७,४०० झाली आहे. तुम्ही प्रायव्हेटमध्ये असाल, पगार त्याखाली आला असेल आणि एचआरचा तसाच मेल आला असेल, तर ब्रोकरच्या कुठल्याही फॉर्मवर सही करण्याआधी वर कोणाचा पत्ता आहे ते बघा आणि तीन महिन्यांची मुदत संपायच्या आत क्रांकनकासेला स्वतः फोन करा.