साइटवर जखमी झाल्यावर: ठेकेदाराशी तडजोड की भरपाईचा दावा?

मार्च २०२२ मध्ये बार कटिंग (सळ्या कापायच्या) मशीनने माझ्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली. तर्जनी आणि मधलं, दोन्ही मुळापासून. त्यानंतर आधी ठेकेदाराशी तडजोड केली, ती अर्ध्यावर सोडली आणि मग भरपाईचा दावा लावला. दोन्ही रस्ते पायाखालून गेले म्हणून आता गावाकडचं कुणी साइटवर पडलं, चेमटलं, भाजलं की फोन मला येतो. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. मी फिटर, वकील नाही. पण कामगार न्यायालयाच्या बाकावर सव्वादोन वर्षं बसलो आहे, तेवढ्या अधिकारातच हे वाचा.

दोन गोष्टी आधीच बाजूला काढतो. तुमचं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) चालू असेल तर लाभ तिकडूनच मिळतो, ठेकेदारावर हा दावा वेगळा लावता येत नाही. आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल तर तिथली मदत या दोन्ही रस्त्यांपेक्षा वेगळी आहे, बसत असेल तर ती घ्याच. मंडळाची अपंगत्वाची मदत ७५ टक्के आणि त्यापुढच्यांना आहे, माझी दोन बोटं तिथे कुठेच बसली नाहीत.

तडजोडीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते मी मनापासून बोलतो. बोटं गेली त्या दिवशी मला गाडीत घालून दवाखान्यात नेलं ते मुकादमाने. तो आमच्याच गावचा, त्याने बायकोला फोन केला, रात्री डबा आणला. बिल ठेकेदाराने भरलं. चौथ्या दिवशी कॉटवरच पन्नास हजार रोख हातात ठेवले आणि सांगितलं, एकूण दीड लाख देतो, बाकीचे महिन्याला दहा-दहा हजार. घरात दोन लहान मुलं, आठवड्याची खर्ची बंद झालेली, अशा वेळी पन्नास हजार ही केवढी रक्कम असते ते तुम्हाला माहीत आहे. न्यायालय कुणाला चौथ्या दिवशी पैसे देत नाही. शिवाय मुकादमाशी वाकडं घेतलं तर पुढचं काम कोण देणार, भावकीत कोण काय बोलणार, हेही असतंच. मी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर डाव्या हाताने सही केली. ‘यापुढे माझी कसलीही तक्रार अथवा मागणी राहणार नाही.’

मग हप्ते सुरू झाले. पहिला वेळेवर आला. दुसरा तीन आठवडे उशिरा. तिसऱ्यासाठी मुकादम म्हणाला, ‘भाऊ, शेठला तूच भेट, माझं आता ऐकत नाही.’

गेलो. साइटच्या गेटवर एक बोर्ड होता, अपघाताविना किती दिवस झाले ते रोज खडूने लिहायचे. माझी बोटं गेली तो दिवसही त्या आकड्यात धरला होता. वॉचमन नवा होता. शेठ स्लॅबवर आहेत, थांबा म्हणाला. दीड तास थांबलो. शेवटी शेठची गाडी माझ्या समोरूनच निघून गेली. दुसऱ्या सोमवारी परत गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला वॉचमनने रजिस्टर पुढे ओढलं, नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि ‘कामाचे कारण’ या रकान्यात मला न विचारताच लिहिलं: ‘मदत’.

त्याची चूक नव्हती. फडकं गुंडाळलेला हात घेऊन गेटवर ताटकळणाऱ्या माणसाचं दुसरं काय काम असणार? पण स्वतःच्या बोटांचे पैसे मागायला आलेल्या माणसाच्या नावापुढे तो शब्द वाचला आणि मी तिथूनच मागे फिरलो. हिशोब, कायदा, कलमं हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच ठरलं की या गेटवर पुन्हा यायचं नाही.

कुणी म्हणेल, दाव्यात काय कमी खेटे घालावे लागतात? अजिबात कमी नाहीत. उलट जास्तच. माझ्या दाव्याला पंचवीसच्या वर तारखा पडल्या. कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्यावा असं लिहिलेलं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये लावलेल्या माझ्या दाव्याचा निकाल जानेवारी २०२५ मध्ये लागला. साहेब रजेवर, समोरच्या वकिलाची अडचण, डॉक्टर साक्षीला आलेच नाहीत, सगळं झालं. पण तारीख कागदावर असते. ती कुणाची मर्जी सांभाळून मागावी लागत नाही. बोर्डावर माझं नाव ‘अर्जदार’ म्हणून लागायचं आणि ठेकेदाराचं ‘गैरअर्जदार’. ताटकळलो दोन्हीकडे, पण मला गेटवरचं सोसवेना आणि बाकावरचं सोसलं. हे माझ्या स्वभावाचंही असेल.

आता पैशांचं, कारण शेवटी घर त्यावर चालतं. माझा दावा १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली होता. कायमचं अर्धवट अपंगत्व आलं तर गणित असं: मासिक पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक, त्यातून जेवढी कमाईची ताकद गेली तेवढे टक्के. माझी हजेरी सातशे रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर १८,२०० होतात; पण ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. त्याचे ६० टक्के ९,०००. वय ३२, गुणांक २०३.८५. एका हाताची दोन बोटं म्हणजे परिशिष्टात सरळ २० टक्के. गुणाकार केला की ३,६६,९३० रुपये. आणि मी दीड लाखाला सही करून बसलो होतो, त्यातले हातात आले होते सत्तर हजार.

वकीलबाईंनी हा आकडा वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवला तेव्हा मी आधी स्टॅम्पपेपरच पुढे केला. म्हटलं, मी तर सही करून दिली आहे. त्या हसल्या. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार या कायद्यात मुळातच रद्दबातल आहे. खरीखुरी तडजोड करायची तर तिची नोंद आयुक्तांकडे, म्हणजे हे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, करावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. नोंद केली नाही तर मालक पूर्ण भरपाईला बांधील राहतो, आणि आयुक्तांनी वेगळं काही सांगितलं नाही तर आधी दिलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त त्याला वळते करून घेता येत नाहीत. माझ्या सत्तर हजारांतले पस्तीसच कापले गेले. दवाखान्याचं बिल भरल्याचे उपकारही ठेकेदाराने जबाबात मांडले होते; २००९ च्या दुरुस्तीनंतर उपचाराचा खरा खर्च देणं हे त्याचं कामच आहे.

लांबलेल्या तारखांचा जो राग होता तो निकालाच्या दिवशी थोडा उतरला. वेळेत न दिलेल्या भरपाईवर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज लागतं. माझं व्याजच लाखाच्या वर गेलं. दंडही लावता येतो, रकमेच्या निम्म्यापर्यंत, पण तो मला मिळाला नाही. आणि एक गंमत दाव्यातच कळली: ठेकेदाराकडे पहिल्यापासून डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगारांच्या भरपाईचा विमा, होती. भरपाई आणि व्याज विमा कंपनीनेच जमा केलं. म्हणजे ज्या दहा हजारांसाठी त्याने मला गेटवर तीन खेपा घालायला लावल्या ते त्याच्या खिशातून जाणारच नव्हते. गेटच्या बोर्डावरचा आकडा मात्र बिघडला असता.

दाव्यात माझं घोडं कुठे अडलं तेही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं फारच सोपं वाटेल. केसपेपरवर. दवाखान्यात नेताना मुकादमाने डॉक्टरांना सांगितलं होतं, ‘घरी दारात बोटं सापडली.’ मी शुद्धीत होतो, ऐकत होतो, पण त्या वेळी कोण कशाला बोलतो. उलटतपासणीत ठेकेदाराच्या वकिलाने तोच कागद माझ्यापुढे धरला. त्या एका ओळीमुळे सहा-सात महिने जास्त गेले असं मला वाटतं. वाचवलं ते व्हॉट्सॲपने: साइटच्या ग्रुपवर इंजिनिअरने त्याच सकाळी मशीनचा फोटो टाकून ‘मशीन धुऊन घ्या’ असं लिहिलं होतं. बाकी पुरावा म्हणजे हेल्मेटवरचं स्टिकर, गेट पास, मोबाइलवर आलेल्या खर्चीच्या नोंदी आणि मुकादमाच्या डायरीतल्या हजेरीच्या पानांचा मी सहज काढून ठेवलेला फोटो. ‘हा आमचा माणूसच नाही’ हे पहिलं उत्तर ठरलेलं असतं. छोटा ठेकेदार हात वर करून पळाला तर ज्याने त्याला काम दिलं त्या मोठ्या कंपनीकडूनही भरपाई मागता येते, म्हणून दाव्यात दोघांची नावं घाला.

दुसरा ठरलेला मुद्दा म्हणजे तुमचीच चूक. मशीनचं गार्ड मी काढलं असं ते म्हणाले. नुसता निष्काळजीपणा म्हणून भरपाई जात नाही. दारू प्यायलेला होता, सुरक्षेचा नियम किंवा साधन मुद्दाम धुडकावलं, असं काही मालकाने सिद्ध केलं तरच जाते, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर तोही बचाव चालत नाही. आमच्या मशीनला गार्ड मी पहिल्या दिवसापासून पाहिलंच नव्हतं.

बोट, अंगठा, डोळा यांचे टक्के परिशिष्टात छापलेले आहेत, तिथे वाद कमी. कंबर, गुडघा, खांदा यांत डॉक्टरांच्या दाखल्यावर सगळं येतं. तिथे एक गोष्ट वकिलाला जरूर विचारा: टक्के शरीराचे की कमाईच्या ताकदीचे? सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली एका सुताराच्या बाबतीत, डावा हात तुटलेला असताना, कमाईची ताकद १०० टक्के गेली असं मानलं होतं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. सेंटरिंगवाल्याने आणि फिटरने हा निकाल लक्षात ठेवावा.

मृत्यू झाला असेल तर माझ्या मते तुलनाच नाही. ती रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागते. विधवेच्या हातात परस्पर ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत, फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल वळती होते. तीस वर्षांच्या माणसाचा पगार १५,००० धरला तर हिशोब १५,५९,८५० वर जातो. तेराव्याला येऊन दोन लाखांत मिटवायला बघणारे मी पाहिले आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. भरपाईचा गाभा तिच्यात तोच आहे, दावा लावायची दोन वर्षांची मुदतही तीच. कामावर येता-जातानाचा अपघात आता त्यात स्पष्टपणे घेतला आहे. कलमांचे जुने क्रमांक पाठ केलेले असतील तर विसरा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कामगारांना, अपंगांना, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना तिथे मोफत वकील मिळतो.

म्हणजे तडजोड कधीच करू नये असं माझं म्हणणं आहे का? तसं नाही. काहीतरी कायमचं गेलं असेल तर मी दाव्याकडेच ढकलेन, आणि तडजोड करायचीच तर दावा लावल्यावर, आयुक्तांसमोर. पण बरी होणारी दुखापत असेल तर गणित उलटं होतं. तात्पुरत्या अपंगत्वात कायदा दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के देतो, म्हणजे निम्माच पगार. ठेकेदार बसून पूर्ण हजेरी देत असेल तर त्यापेक्षा ते बरं.

गेल्या पावसाळ्यात माझा चुलत भाऊ परांचीवरून घसरून पडला, मनगट मोडलं, दीड महिन्याचं प्लास्टर. त्याला मी तडजोडच घ्यायला सांगितली. फक्त दवाखान्यात आधी मी पोहोचलो, आणि केसपेपरवर ‘बांधकाम साइटवर परांचीवरून पडून’ एवढं लिहून झाल्यावरच मुकादमाला आत येऊ दिलं.