'रा' की 'से': स्पॅनिशची कोणती रूपं आधी पाठ करावीत?

स्पॅनिश शिकणारा बी२ पातळीच्या (युरोपीय मोजपट्टीवरची वरची-मध्यम पातळी) आसपास आला की इम्पर्फेक्ट सबजंक्टिव्ह (इच्छा, शंका, 'असतं तर' अशा बोलण्यातलं क्रियापदाचं भूतकाळी रूप) गाठतोच, आणि पुस्तकात त्याच्या दोन रांगा शेजारी शेजारी छापलेल्या असतात. आब्लार म्हणजे बोलणे. त्याची एक रांग (मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने) आब्लारा, आब्लारास, आब्लारा, आब्लारामोस, आब्लाराइस, आब्लारान अशी. दुसरी आब्लासे, आब्लासेस, आब्लासे, आब्लासेमोस, आब्लासेइस, आब्लासेन अशी. दोन्ही शुद्ध, परीक्षेत दोन्ही चालतात. पण सुरुवातीला दोन्ही घोकू नका. बोलण्यासाठी 'रा' घ्या, 'से' नुसती ओळखता आली तरी पुरे.

मेहनतीच्या हिशेबाने दोन्हींत फरक नाही. 'ते बोलले' म्हणजे आब्लारोन. त्यातला 'रोन' काढायचा आणि रा किंवा से लावायचा. कोमेर (खाणे) याचं कोमिएरोन, म्हणून कोमिएरा किंवा कोमिएसे. बिबिर (राहणे) याचं बिबिएरा किंवा बिबिएसे. 'आम्ही'च्या रूपात 'ब्ला'वर आघातचिन्ह द्यावं लागतं, ते दोन्ही रांगांत, आणि दोन्हींत ते विसरलं जातं.

अर्थही बहुतेक ठिकाणी तोच. 'एया केरीआ के यो आब्लारा', म्हणजे मी बोलावं असं तिला वाटत होतं. इथे आब्लासे म्हटलं तरी काही बिघडत नाही. स्पेनमधले लेखक एकाच परिच्छेदात दोन्ही वापरतात, कधी केवळ कानाला तेच ते नको म्हणून.

फरक पडतो तो दोन गोष्टींत. पहिली, प्रदेश. लॅटिन अमेरिकेत रोजच्या बोलण्यात जवळजवळ सगळीकडे 'रा'. 'से' ऐकलं की पुस्तकी वाटतं. स्पेनमध्ये 'से' जिवंत आहे, पण तिथेही 'रा'च पुढे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: 'रा' जादा कामं करतो. 'देबिएरास कोमेर', म्हणजे 'तू खायला हवंस', हा सौम्य सल्ला 'रा'नेच द्यायचा; देबिएसेस तिथे बसत नाही. दुकानात नम्रपणे मागताना म्हणायचं किसिएरा ('मला हवं होतं'; क्रियापद अनियमित, पण रोज लागणारं) तसंच. आणि मराठी माणसाला हक्काची वाटेल अशी एक रचना आहे: 'सी उबिएरा एस्तुदिआदो, उबिएरा आप्रोबादो'. अभ्यास केला असता तर पास झालो असतो. आपल्याकडे 'असता' दोन्ही बाजूंना येतो, तसा इथे उबिएरा. पहिल्या अर्ध्यात उबिएसे बिनधास्त चालतं; दुसऱ्या अर्ध्यात ते कानावर पडतं खरं, पण व्याकरणवाले नाक मुरडतात.

गंमत अशी की वंशावळीने 'से'च अस्सल. तो लॅटिनच्या सबजंक्टिव्हमधून आला. 'रा' आला लॅटिनच्या 'बोलला होता' अशा अर्थाच्या, सबजंक्टिव्ह नसलेल्या पूर्ण भूतकाळातून आणि घरात शिरून मालक झाला. त्या जुन्या वळणाच्या खुणा वर्तमानपत्रांत अजून दिसतात, म्हणून बातमीत आब्लारासारखं रूप दिसलं की ते सबजंक्टिव्हच असेल असं धरून चालू नका.

ऐकताना दोन्ही फसवतात. आब्लारा उच्चारताना जोर शेवटच्या 'रा'वर गेला की 'तो बोलेल' असा भविष्यकाळ होतो. उलट लाबासे (धुवावं) आणि लाबार्से (स्वतःला धुणे) यांत फक्त एका 'र'चा फरक. मला पहिला सापळा जास्त त्रासाचा वाटतो, कारण तो लिहितानाही आघातचिन्हाच्या रूपाने गाठतो. पण त्यासाठी 'रा' सोडण्यात अर्थ नाही.

स्पेनमध्ये शिकायला जाणार असाल किंवा तिथल्या कादंबऱ्या वाचायच्या असतील तर 'से'ची रांगही नीट करा, निदान उबिएसे तरी. मेक्सिको किंवा कोलंबियातल्या लोकांशी काम असेल तर उलट आब्लाराइससुद्धा बाजूला ठेवता येतं. तिथे 'तुम्ही सगळे' म्हणजे उस्तेदेस, आणि त्याला आब्लारान लागतं.