कुपवाडची अंगणवाडी की विश्रामबागची नर्सरी?
सांगलीत तीन वर्षांच्या पोराला कुठे घालायचं? विश्रामबागेतल्या खासगी नर्सरीत गणवेश, व्हॅन, इंग्रजी गाणी, फीही तशीच. मुलं साधारण एकाच थरातली.

कुपवाडला एमआयडीसी असल्याने अंगणवाडीत मराठी, कन्नड, हिंदी बोलणारी पोरं एकाच सतरंजीवर बसतात. अंगणवाडी ही १९७५ पासूनची सरकारी योजना, त्यामुळे फी नाही. गरम आहार, वजन-उंचीची नोंद, लसीकरणाचा पाठपुरावा, सगळं सेविका नि मदतनीस सांभाळतात. पण पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपवर नोंदी भरण्यात सेविकेचा बराच वेळ जातो आणि शिकवणं मागे पडतं. तरी एवढ्याशा पोराकडून एबीसीडी गिरवून घेण्यापेक्षा गाणी-गोष्टींची अंगणवाडी मला बरी वाटते. अर्थात सेविका मनापासून शिकवणारी असेल तरच! तेवढं आधी जाऊन बघा, भिंतीवरची चित्रं नंतर.