पडद्यामागचा डग्गा

दीड लाखाला दोन हजार कमी. एवढे पैसे मोजून मी दोन पोकळ कपाटं घरी आणली. आठ महिने ही गोष्ट ओळखीपाळखीत बायकोशिवाय कुणाला सांगितली नव्हती, लाज वाटत होती. पण गेल्या आठवड्यात आमच्याच सोसायटीतले एक जण त्याच दुकानाचं कार्ड घेऊन दारात उभे राहिले, "तुम्हाला स्पीकरमधलं कळतं ना?" म्हणून. तेव्हा म्हटलं, आता बोलायलाच हवं.

मी घोडबंदर रोडला राहतो, वाघबीळच्या पुढे. हॉल दहा बाय सोळा. लहानपण नौपाड्यात गेलं, तिथे शेजाऱ्यांच्या टू-इन-वनवर 'पीएमपीओ 1000 वॉट' असा चमचमता स्टिकर असायचा आणि आम्ही पोरं तो आदराने वाचायचो. त्या आकड्याला काही मापच नसतं, खरं बघायचं ते आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी ताकद, हे पुढे नोकरीत लागल्यावर कळलं. तेव्हापासून आपण या बाबतीत शहाणे झालो असा माझा समज. त्यात गाण्याचा नाद. तलावपाळीची दिवाळी पहाट सहसा चुकवत नाही. गडकरी रंगायतनला पाचव्या रांगेत बसून तबला ऐकलाय, डग्ग्यावर तळव्याची घसट आली की पोटात कसं गुब्ब होतं ते मला ठाऊक आहे. असल्या माणसाला कोण फसवणार?

रिटायर झालो आणि ठरवलं, होम थिएटर करायचं. रिसीव्हर, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर, आधीच रीतसर डीलरकडून घेतला होता, 5.1 चा: पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त खालचा, जाडा आवाज काढणारा खोका. स्पीकर टप्प्याटप्प्याने घ्यायचे, आधी पुढचे दोन टॉवर, म्हणजे उंच उभे स्पीकर. एका ओळखीच्याने दुकान सुचवलं. बाहेरून साधा गाळा, आत मात्र डेमो रूम: काळ्या भिंती, एसी, आरामखुर्च्या आणि समोरच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड मरून पडदा. पडद्यापुढे स्पीकरच्या चार-पाच जोड्या.

दुकानदार तिशीतला, बोलायला गोड. "काका, तुम्ही गाण्यातले दिसता. तुम्हाला कान आहे." हे वाक्य त्याने बहुधा दिवसातून दहा वेळा टाकलं असेल, मला ते पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं.

त्याने आधी एका नावाजलेल्या कंपनीची जोडी लावली, साठ हजारांची. तबला सोलो. बरा वाजला. मग म्हणाला, "आता हे ऐका," आणि अक्रोडी रंगाच्या उंच जोडीकडे बोट केलं. डग्गा आला आणि खुर्ची हलली. मी बायकोकडे बघितलं, तिनेही भुवया उंचावल्या. नाव विलायती, एखाद्या लॉर्डच्या वाड्याला शोभेल असं. खोक्यावर 325000 रुपये एमआरपी. "इंग्लंडचं डिझाइन, काका. आणि या टॉवरना सबवूफर लागतच नाही. तुमचे तीस-चाळीस हजार इथेच वाचले."

तेवढ्यात मला पडद्याची खालची कड थरथरताना दिसली होती. म्हटलं, एसीचा वारा असेल.

ती थरथर नंतर किती रात्री डोळ्यांसमोर आली म्हणून सांगू! पण क्रमाने सांगतो.

साठ हजारांची जोडी आणि दीड लाखाची जोडी एकाच आवाजाच्या पातळीवर वाजत नव्हती. त्याने मध्ये रिमोट हातात घेतला होता, तो कशाला, हे मी विचारलं नाही. दोन स्पीकरांत एखाद्या डेसिबलचा फरक असला तरी जो किंचित मोठा तोच आपल्याला जास्त चांगला, जास्त मोकळा वाटतो. कान असलेल्यालाही वाटतो. मुळात स्पीकर-स्पीकरमध्येही फरक असतो: एकाची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये निघणारा आवाज, 86 डेसिबल, दुसऱ्याची 89, तर तेवढाच आवाज काढायला पहिल्याला दुप्पट वॉट लागतात. म्हणजे व्हॉल्यूमला हात न लावताही तुलना वाकडी होऊ शकते. मोबाइलवर आवाज मोजायचं फुकट ॲप मिळतं, खुर्चीत बसून दोन्ही जोड्या सारख्या करून घ्यायला दोन मिनिटं लागतात. मी घेतली नाहीत. वर गाणंही त्यानेच निवडलेलं. माझ्या पेनड्राइव्हमध्ये भीमसेनांचे अभंग होते, पेनड्राइव्ह खिशात होता.

मग व्यवहार. "पक्कं बिल केलं तर टॅक्स वर लागेल, काका. तुमच्यासाठी कच्च्यात करतो, 148000 फायनल." पंचवीस हजार यूपीआयने, बाकी रोख. यूपीआयवर दुकानाऐवजी कुण्या बाईमाणसाचं नाव आलं. "वहिनीचं खातं आहे," म्हणाला. आणि हातात 'एस्टिमेट' छापलेला गुलाबी कागद दिला. इथे चूक सरळ माझी आहे. टॅक्स वाचवायची हाव सुटली आणि चोरीत मी अर्धा भागीदार झालो.

मेट्रोच्या कामातून वाट काढत टेम्पो दुपारी आला. एकेक खोका उचलायला दोन माणसं. मी खूश, कारण जड स्पीकर म्हणजे चांगला स्पीकर हे माझं स्वतःचं तत्त्वज्ञान. चोवीस-चोवीस किलो!

संध्याकाळी लावले. गळा ठीक, तानपुरा ठीक. डग्गा मात्र असा, जणू कुणी रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर बोटं आपटतंय. मी वायरी उलट्या लागल्या का बघितलं. स्पीकर भिंतीजवळ सरकवले, लांब नेले. बायको म्हणाली, "अहो, दुकानात तर पोटात वाजत होता."

फोन केला. उत्तर तयार होतं. "काका, बर्न-इन व्हायला हवं. शंभर तास वाजवा." रोज चार तास या हिशेबाने पंचवीस दिवस मी तबला लावून ठेवला. खालच्या मजल्यावरच्या आजींनी दोनदा बेल वाजवली. नव्या स्पीकरच्या कोनाभोवतीचं, म्हणजे हलणाऱ्या शंकूभोवतीचं, रबर सुरुवातीला थोडं सैल होतं हे खरं, पण जो आवाज खोक्यात नाहीच तो शंभर तासांनी कुठून येणार? बर्न-इनचा खरा उपयोग दुकानदाराला. तोवर महिना उलटतो आणि तुमच्याच मनात शंका येते की आपले कान बिघडले की काय.

पुढचं उत्तर, "तुमच्या रूमचा प्रॉब्लेम." हे अर्धसत्य, म्हणून जास्त वाईट. खोलीचा परिणाम नक्की होतो. दहा फूट रुंदीच्या खोलीत 56 हर्ट्झच्या आसपासचा खालचा सूर एका जागी घुमतो आणि दुसऱ्या जागी बुडतो. पण म्हणून खालची अख्खी पट्टीच गायब होत नाही.

तिसरं उत्तर केबल. बाराशे रुपये मीटर, दहा मीटर. घेतली. हो, घेतली! चार-पाच मीटर अंतराला अडीच स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर पुरते, हे मला आता माहीत आहे.

शेवटी न सांगता दुकानात गेलो, शनिवारी दुपारी. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला तीच जोडी ऐकवत होता. दारातच उभा राहिलो. डग्गा आला, पडद्याची कड थरथरली. त्या दिवशी एसी बंद होता, सर्व्हिसिंगवाला वर चढला होता.

गिऱ्हाईक गेल्यावर सरळ पुढे गेलो आणि पडद्यामागे हात घातला. हाताला खोका लागला, गुडघ्याएवढा. तो अजून कोमट होता.

बारा इंची सबवूफर. साठ हजारांच्या जोडीला तो बंद, दीड लाखाच्या जोडीला चालू. साधारण 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला सांगता येत नाही, कारण 80 हर्ट्झची एक लाट सव्वाचार मीटर लांब असते आणि आपले दोन कान वीतभर अंतरावर. म्हणून तर घरात सबवूफर कोपऱ्यात ठेवला तरी चालतो. आणि म्हणूनच मी समोरच्या लाकडी मनोऱ्यांकडे बघत पडद्यामागच्या खोक्याला दाद देत बसलो होतो.

"काका, तो दुसऱ्या सिस्टिमचा आहे," तो म्हणाला. 'काका' म्हणायचं मात्र सोडलं नाही.

घरी येऊन ठाणे स्टेशनाजवळच्या एका जुन्या रिपेअरवाल्यांना बोलावलं. आयुष्यभर ऑर्केस्ट्रावाल्यांचे खोके उघडलेला माणूस. त्यांनी दीड व्होल्टचा सेल काढला, वायरी टर्मिनलला टेकवल्या. टक. वरचा वूफर, म्हणजे जाड्या आवाजाचा कोन, हलला. मधला हलला. सगळ्यात खालचा ढिम्म. "पॅसिव्ह रेडिएटर असेल, वायरीशिवाय नुसत्या आतल्या हवेने हलणारा," मी उगाच माहिती दाखवली. त्यांनी अंगठ्याने कोन दाबला. "त्याचं रबर सैल असतं. हा तर चिकटवलाय." स्क्रू काढून बाहेर ओढला, तर मागे लोहचुंबकच नाही. नुसती वाटी. क्रॉसओव्हरच्या, म्हणजे जाडा-बारीक आवाज वाटून देणाऱ्या सर्किटच्या, जागी ट्विटरला, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला, लोंबणारा एकटा कपॅसिटर. मग टॉर्च आत घालून ते हसायला लागले. तळाशी सिमेंटची लादी चिकटवली होती, काढून किचनच्या काट्यावर ठेवली तर सात किलो. माझं जडपणाचं तत्त्वज्ञान.

तेव्हा कुठे खोका नीट वाचला. आयात केलेल्या मालाच्या पॅकिंगवर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि एमआरपी असायलाच हवी, 2011 च्या वजनमापांच्या नियमांतच ते आहे. माझ्या खोक्यावर एमआरपीचा आकडा ठसठशीत, आयातदाराचा पत्ता नाही. 'डिझाइन्ड इन इंग्लंड' होतं, 'मेड इन' कुठेच नव्हतं.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला. पहिलाच प्रश्न, "बिल आहे का?" गुलाबी कागद होता. त्यावर जीएसटी नंबर छापला होता, जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरची 'शंभर तास वाजवा' ही वाक्यं आणि रिपेअरवाल्यांनी काढलेले फोटो एवढ्यावर वकिलाकडून नोटीस गेली. नोटिशीनंतर साठ हजार परत आले, तेही तीन हप्त्यांत. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाचे कागद तयार करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा घाई नाही. पण रोख दिलेली रक्कम सिद्ध करायची तर साक्षीला बायकोच, आणि ती म्हणते, "मी सगळं सांगेन हं, पेनड्राइव्हचंसुद्धा."

सोसायटीतल्या त्या गृहस्थांना हे सगळं सांगितलं. ते हसले, म्हणाले, जाऊन तर येतो, बघू तुमचा पडदा. रविवारी जाऊन आले. पडद्यामागे हात घातला, तिथे काही नव्हतं. दुकानदाराने उलट स्वतःच पडदा पूर्ण सरकवून दाखवला. डग्गा मात्र तसाच दणदणीत. मग मी सांगितलं होतं त्याप्रमाणे त्यांनी रिसीव्हरचा मेन्यू टीव्हीवर लावायला सांगितला आणि सबवूफर 'नो' करायला लावला. तो जरा वेळ रिमोट सापडत नाही म्हणत राहिला. सापडला, आणि खुर्च्या हलायच्या थांबल्या.

आता खोका खुर्च्यांच्या मागे होता.