आठ महिने ब्लॅक रंगकर्मींकडे नाटक शिकतेय, सविस्तर अनुभव

लिहीन लिहीन म्हणत राहूनच गेलं होतं पण मंडळातल्या तिघाचौघांनी विचारलं म्हणून आता बसलेय लिहायला. गेल्या सप्टेंबरपासून मी अमेरिकेत पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमधे एका नाटकाच्या वर्कशॉपला जातेय, बुधवारी अभिनय आणि शनिवारी बॅकस्टेज. शिकवणारे सगळे ब्लॅक रंगकर्मी, बहुतेक साठीच्या पुढचे. त्यांना विचारलेलं नाही म्हणून नावं देत नाही.

हिल म्हणजे ब्लॅक नाटककार ऑगस्ट विल्सनचा भाग. १९४५ चा जन्म, दहा नाटकांची मालिका, विसाव्या शतकाच्या एकेका दशकावर एकेक, त्यातली नऊ याच वस्तीत घडतात. पंधराव्या वर्षी शाळा सोडली आणि पुढचं शिक्षण कार्नेगी लायब्ररीत बसून स्वतःच केलं. त्याचं बेडफर्ड अव्हेन्यूवरचं घर आता दुरुस्त करून उघडलंय, पहिल्याच महिन्यात आम्हाला तिथे चालत नेलं. जाताना ज्या भागावरून गेलो तिथली वस्ती १९५० च्या दशकात अरीनासाठी, म्हणजे एका मोठ्या बंदिस्त स्टेडियमसाठी पाडली, साधारण आठ हजार माणसं हलवली. मी लालबागची, वडील गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर काय झालं ते घरात बघितलंय, त्यामुळे मला ते ऐकताना फार काही समजावून सांगावं लागलं नाही.

क्लास कसा सुरू होतो ते सांगते. आपल्याकडे नटराजाची पूजा, नारळ, तसं इथे एक जण कुंडीत पाणी ओततो आणि गेलेल्यांची नावं घेतो, प्रत्येक नावानंतर सगळे ‘आशे’ म्हणतात, योरुबा शब्द आहे, तथास्तुच्या जवळचा. लॉइड रिचर्ड्सचं नाव रोज असतं, ज्यांनी १९५९ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर लॉरेन हॅन्सबेरीचं ‘अ रेझिन इन द सन’ बसवलं. लाइट्सच्या दिवशी शर्ली प्रेंडरगास्ट, १९७३ ला ब्रॉडवेवर लाइट डिझाइन करणारी पहिली ब्लॅक बाई. ही नावं मी आधी ऐकलेलीच नव्हती!

आता लाइट्स, ज्याच्यासाठी खरं हे सगळं लिहितेय. शिकवणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘बाबा’ म्हणतात, आफ्रिकन रितीने ज्येष्ठांना म्हणतात तसं, मला तर ते म्हणणं जड जायचं कारणच नव्हतं. माझा रंग काळा आहे. परळला कामगार कल्याणच्या स्पर्धेत काम करायचे तेव्हा मेकअपवाले दादा मला दोन शेड उजळ पॅनकेक लावायचे आणि तरी नंतर कोणीतरी म्हणायचंच की हिचा चेहरा दिसत नव्हता, आणि मी इतकी वर्षं धरून चालले होते की दोष चेहऱ्याचाच. बाबांनी मला धुतलेल्या तोंडाने स्टेजवर उभं केलं, आधी समोरून सपाट पांढरा लाइट, फोनवर फोटो काढला, मग तो बंद करून दोन्ही बाजूंनी साइड लाइट, मागून एक, आणि साइडला फिकट लॅव्हेंडर जेल, म्हणजे लाइटपुढे लावायचा रंगीत कागद. दुसरा फोटो काढला. दोन्ही शेजारी ठेवून दाखवले आणि मी रडले. गालाचं हाड, कपाळ, मान, सगळं होतं तिथे. एकाच स्टेजवर, एकाच संध्याकाळी.

कारण त्यांनी असं सांगितलं की गडद त्वचेवर चेहऱ्याचा आकार चकाकीतून कळतो, म्हणून लाइट बाजूने आणि मागून यायला हवा, समोरचा नुसता वाढवत नेला तर मागची भिंत आणि पांढरे कपडे उजळतात आणि चेहरा आणखीनच बुडतो. पावडर थापून चकाकी मारायची नाही. हिरवट छटा नको, त्वचा राखेसारखी दिसते, नुसत्या लाल-हिरव्या-निळ्या स्वस्त एलईडीत हा त्रास जास्त. आणि भिंत क्रीम रंगवायच्या आधी लाइटवाल्याने सेटवाल्याशी बोलायचं, नंतर नाही.

बुधवारचा अभिनयाचा क्लास चांगलाच आहे पण हळू. सात आठवडे आम्ही विल्सनच्या ‘जिटनी’ची फक्त पहिली काही पानं वाचत होतो. १९७७ मधलं बेकायदा टॅक्सीचं ऑफिस, कारण साध्या टॅक्स्या हिलमधे यायच्याच नाहीत, आणि तिथला फोन सतत वाजतो. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या डायलॉग राहू दे, फोन वाजला की कोण कोणाकडे बघतं ते आधी बसवा. स्टेज मॅनेजरने फोनचा क्यू, म्हणजे वाजवायचा इशारा, अर्धा सेकंद उशिरा दिला की अख्ख्या सीनचा ताल जातो, हे मी स्वतः क्यू देऊन शिकले, चार वेळा चुकून.

एक गोष्ट काही जणांना खटकेल. मी क्लासमधे काहीही वाचू शकते पण त्यांच्या प्रयोगात ब्लॅक पात्र मला मिळणार नाही, हे पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं. मला ते पटतं. विल्सनने १९९६ च्या भाषणात ब्लॅक रंगभूमीला स्वतःच्या संस्था हव्यात असं मांडलं होतं, तेव्हा मोठ्या प्रादेशिक थिएटरांच्या संघटनेत ६६ संस्था आणि त्यातली ब्लॅक फक्त एक. आधी स्वतःचा स्टेज तर हवा. मी प्रॉम्प्टिंग केलं, लाइट्स ओढले, खुर्च्या लावल्या, आणि त्यातच जास्त शिकले असं प्रामाणिकपणे वाटतं.

उणिवा. लेखी नोट्स मिळत नाहीत, स्वतः वही भरायची. रेकॉर्डिंगला परवानगी नाही. डिमर, म्हणजे लाइट कमीजास्त करायची यंत्रं, जुने आहेत, दोन शनिवार बंदच होते. त्यांची इंग्रजी बोली कानाला बसायला मला दोन महिने लागले. जानेवारीत बर्फामुळे क्लास बुडतात आणि भरून निघतीलच असं नाही. फी मात्र ज्याला जेवढी जमेल तेवढी, आणि कोण किती देतं हे कोणी विचारत नाही.

एप्रिलमधे मंडळाची एकांकिका झाली, लाइट्स मी केले. आईची भूमिका करणारी मैत्रीण माझ्याच रंगाची आहे, तिला उजळ पॅनकेक लावू दिला नाही, भाड्याने चार जास्तीचे साइड लाइट आणले, पंचाहत्तर डॉलर पडले. शेवटच्या रांगेत तिचा मुलगा बसला होता, बारा वर्षांचा, घरी जाताना म्हणाला आई तू तिथून पण नीट दिसत होतीस.

पुढची बॅच सप्टेंबरला आहे, मी परत नाव दिलंय, यावेळी फक्त शनिवार. कोणाला यायचं असेल तर काळे कपडे, जाड वही आणि छोटा टॉर्च आणा, आणि पंधरा मिनिटं आधी पोचा कारण पाणी ओतायला सुरुवात झाली की दार बंद होतं.