सर्टिफिकेटवाला स्वस्त टॉर्क स्क्रू ड्रायव्हर: माझे पैसे गेले, तुमचे वाचवा

‘1 ते 6 न्यूटन मीटर, अचूकता ±6 टक्के, कॅलिब्रेशन सर्टिफिकेटसह, मूळ किमतीवर 68 टक्के सूट.’ या एका ओळीने माझा घात केला. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर, तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात, आणि हा ड्रायव्हर ठरवलेल्या जोरापर्यंतच स्क्रू आवळतो. कॅलिब्रेशन म्हणजे तो जोर खरंच बरोबर आहे का याची मोजून केलेली तपासणी. सूट खोटी असते, खाली पळणारं घड्याळ खोटं असतं, पाच तारेवाले अभिप्राय विकत मिळतात, हे मला माहीत होतं. पण सर्टिफिकेटसुद्धा खोटं छापतील असं वाटलं नव्हतं. का वाटावं? ±6 टक्के हा आकडा हवेतला नाही. हाताने वापरायच्या टॉर्क साधनांचं आयएसओ 6789 हे आंतरराष्ट्रीय मानक स्क्रू ड्रायव्हरला एवढाच फरक चालवून घेतं. ज्याला हा आकडा माहीत आहे त्याला थोडंफार कळत असणार, असंच कुणीही धरून चालेल.

काम साधं होतं. ॲल्युमिनियमच्या खोक्यावर एम3, म्हणजे 3 मिलिमीटर जाडीच्या स्क्रूंनी झाकण बसवायचं. ड्रायव्हर 1.2 वर लावला आणि पिळत गेलो. ठरलेल्या टॉर्कला मूठ आपोआप सुटते, पुढे जोर जातच नाही, असं जाहिरातीत ठळक लिहिलं होतं. मूठ सुटली नाही, टिकदेखील झालं नाही. एकदम सगळं सैल लागलं. स्क्रू बाहेर काढला तर आट्यांमध्ये ॲल्युमिनियमची चकचकीत गुंडाळी अडकलेली. भोकातले आटे साफ गेले होते.

मग घरीच तपासला, आणि हे तुम्हीही करा. बिट, म्हणजे स्क्रूत बसणारं टोक, आडवा धरून वाइसमध्ये (टेबलावरच्या पकडीत) आवळा. मुठीवर एक सरळ पट्टी मध्यावर घट्ट बांधा, म्हणजे दोन्ही बाजू समतोल राहतात आणि पट्टीचं स्वतःचं वजन मोजमापात येत नाही. केंद्रापासून 10 सेंटिमीटरवर वजन टांगा. 1.2 न्यूटन मीटरला साधारण 1.22 किलोवर मूठ सुटायला हवी. माझ्या ड्रायव्हरने 2 किलो आरामात पेलले, म्हणजे 1.96 न्यूटन मीटर. ±6 टक्क्यांची भाषा करणाऱ्या साधनात साठ टक्क्यांहून जास्त चूक! वरचे आकडेसुद्धा कोरलेले नव्हते. नख लावलं तर स्टिकर सोलून निघाला.

आता ते सर्टिफिकेट. ते आठवलं की अजूनही डोकं फिरतं. 1.2, 3.6 आणि 6 या तीन बिंदूंवर, म्हणजे कमाल क्षमतेच्या 20, 60 आणि 100 टक्क्यांवर, वाचनं दिली होती. बिंदू बरोबर, कारण मानकात तेच आहेत. पण प्रत्येक बिंदूपुढची पाचही वाचनं हुबेहूब सारखी: 1.20, 1.20, 1.20, 1.20, 1.20. स्प्रिंगवर चालणारं कुठलंही साधन पाच वेळा तंतोतंत एकच आकडा देत नाही. खऱ्या कागदावर 1.18 असेल, 1.23 असेल. तिथेच दिसायला हवं होतं, समोरच होतं! पण कागदावर शिक्का होता, सही होती, अनुक्रमांक होता, आणि तो साधनावरच्या अनुक्रमांकाशी जुळतही होता. एवढं जुळल्यावर माणूस आणखी काय बघणार? नंतर दुसऱ्या एका ग्राहकाने अभिप्रायात टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. त्याच्या ड्रायव्हरवरही तोच अनुक्रमांक. सगळ्या मालावर एकच नंबर!

म्हणून सांगतो, कागदावर मापनाची अनिश्चितता, म्हणजे मोजलेला आकडा किती कमी-जास्त असू शकतो ते, लिहिलेली नसेल तर त्याला कॅलिब्रेशन सर्टिफिकेट म्हणू नका. 2017 पासून या मानकाचे दोन भाग आहेत. पहिल्यात उत्पादकाचं अनुरूपतेचं घोषणापत्र येतं, म्हणजे माल मानकाप्रमाणे आहे असं तो स्वतःच सांगतो, दुसऱ्यात खरं कॅलिब्रेशन. स्वस्त मालाबरोबर पहिला कागद मिळाला तर त्यात गैर काही नाही, पण त्यालाच दुसरा म्हणून खपवणं ही लबाडी आहे.

विक्रेत्याने आधी 20 टक्के परत देऊ म्हटलं, मग 35. ‘वस्तू ठेवा, तक्रार मागे घ्या.’ हे औदार्य नव्हे. परतीची मुदत उलटेपर्यंत बोलण्यात गुंतवायचं, एवढाच उद्देश. अर्धवट परतावा कधीच घेऊ नका.

संकेतस्थळाच्या ग्राहक सेवेने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागितला. त्या तपासणीचं शुल्क ड्रायव्हरच्या किमतीपेक्षा जास्त! वजन टांगल्याचा व्हिडिओ पाठवला तर ‘हा पुरावा ग्राह्य नाही’, आणि विक्रेत्याने दिलेला एकाच नंबरचा कागद मात्र ग्राह्य. तक्रारीपुढे ‘निकाली’ असं लिहून मोकळे झाले. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच ओटीपी टाकून दिलेत, मग ही फसवणूक नाही. ग्राहक तक्रार कक्षाने विक्रेत्याचा पत्ता मागितला, तोच तर संकेतस्थळ देत नाही! पोलिसांकडे गेलो तर समोरच्या साहेबांचा प्रश्न, ‘वस्तू मिळाली ना? मग तक्रार कसली?’ खोटं प्रमाणपत्र छापणं हा गुन्हा नाही का? एकानेही तो कागद हातात घेऊन नीट वाचला नाही. प्रत्येकाने दुसऱ्याचं दार दाखवलं.

कमी पैशात घ्यायचाच असेल तर एकाच टॉर्कला कायमचा बसवलेला ड्रायव्हर बघा. त्यात फिरवायची यंत्रणा नसते, म्हणून तो त्याच किमतीत जास्त भरवशाचा मिळू शकतो. बदलता हवा असेल तर तुमच्या नेहमीच्या कामाचा टॉर्क त्याच्या किमान-कमाल आकड्यांच्या मधोमध येईल असा निवडा, अगदी तळाशी नको. सरळ गोल मुठीवर 6 न्यूटन मीटर पिळताना तळहात सोलवटतो, तेव्हा तेवढा मोठा दावा दिसला की टी आकाराची मूठ आहे का ते पाहा. न्यूटन मीटर आणि किलोग्रॅम सेंटिमीटर यांत साधारण दहापटीचा फरक आहे. जाहिरातीत दोन्ही एकत्र मिसळलेली दिसली तर पुढे जा.

माझ्यासारखाच ड्रायव्हर कुणाकडे आला असेल तर त्याने वाइस आणि वजन आजच काढावं. परत पाठवताना खोकं बंद करतानाचा व्हिडिओ घ्या, अनुक्रमांक त्यात स्पष्ट दिसू द्या, आणि पैसे ज्या कार्डातून गेले त्याच कार्डावर परत मागा.