औसा रोड, लातूर : पार्किन्सनच्या रुग्णांसाठी फिजिओथेरपी

आप्पांचे पाय उंबऱ्याशी आले की जागीच थिजायचे. इथल्या मॅडमनी फरशीवर पिवळ्या टेपचे आडवे पट्टे लावले, एकेक ओलांडायला सांगितलं, आणि आप्पा चालले! डोळ्यांसमोर खूण असली की मेंदूला चालण्यासाठी दुसरी वाट मिळते, हे त्यांनी आईलाही नीट समजावलं. गोळ्यांच्या वेळा बारकाईनं विचारतात, कारण भरपूर प्रथिनांच्या जेवणासोबत लेव्होडोपा ही पार्किन्सनवरची गोळी कमी शोषली जाते. याच लेव्होडोपानं स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये निश्चल झालेले ससे पुन्हा हलते केले होते. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. त्या कष्टांचं चीज अशा खोल्यांत होतं. जिना मात्र फार अरुंद, कठडा एकाच बाजूला. उदगीर-निलंग्याकडून येणार असाल तर धरायला माणूस सोबत आणाच.